दारावरचा कागद आणि दारामागची माणसे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबाग परिसरात आम्ही भाड्याने राहत होतो. परीक्षेचे पर्यवेक्षण आटोपून संध्याकाळी घरी आले, तर दाराच्या बाहेरच्या अंगाला, कडीच्या जरा वर, एक टंकलिखित कागद डकवलेला दिसला. आई दिवसभर घरातच होती. दुपारी दोघे जण आले, त्यांनी कागद चिकटवला, मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले आणि ते निघाले. आईने विचारले, "काय आहे हो?" त्यावर "मालकांचं आहे मावशी, तुमचं काही नाही" एवढेच उत्तर मिळाले. कागद इंग्रजीत होता. मी दार उघडण्याआधीच आईने आतून विचारले, "जप्ती आहे का गं?"

आई सातारकडची, खटाव तालुक्यातली. 'जप्ती' हा शब्द तिच्या पिढीने ऐकलेला, क्वचित पाहिलेलाही. मी कागद वाचला. घरमालकांनी आमच्या सदनिकेवर कर्ज काढले होते, हप्ते थकले होते आणि एका बँकेने घराचा ताबा घेतला होता. म्हणजे कागदावर तरी घेतला होता, कारण आत चुलीवर भात शिजत होता आणि गच्चीवर आमचेच कपडे वाळत होते. चार दिवसांनी शेजारच्या काकांनी एका मराठी वर्तमानपत्राचे पान आणून दिले. त्यात हीच नोटीस मराठीत छापून आली होती. मी मराठीची प्राध्यापिका. दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवते. ती नोटीस मला तीन वेळा वाचावी लागली.

'ज्याअर्थी' या शब्दाने सुरू झालेले वाक्य अकराव्या ओळीपर्यंत संपले नव्हते. मध्येच 'अधोस्वाक्षरीकार' आले, 'सहवाचन' आले, 'प्रदत्त अधिकार' आले आणि शेवटी 'सांकेतिक ताबा' आला. वर्गात मी प्रतीक आणि संकेत यांतला फरक शिकवते. पण ज्या घरात आपण झोपतो, त्याचा ताबा 'सांकेतिक' झाला म्हणजे उद्या सकाळी काय होणार, हे मला आईला सांगता येईना. तिच्या एका शब्दाच्या प्रश्नाला त्या अख्ख्या जाहिरातीत उत्तर नव्हते.

हा लेख त्या अनुभवाची तक्रार म्हणून लिहिलेला नाही. आमचे फारसे काही बिघडले नाही. दुसरे घर मिळाले, अनामत रकमेतले निम्मे पैसे गेले, बस्स. घरमालकांची बँकेशी तडजोड झाली की घराचा लिलाव झाला, हे आम्हांला कधीच कळले नाही. पण त्यानंतर वर्तमानपत्रांतल्या अशा नोटिसा वाचण्याची सवय मला लागली, आणि त्यांच्या भाषेतून एक प्रश्न मनात घर करून राहिला. घर जप्त होताना त्या घरात राहणाऱ्या माणसाला कळवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. बँका ज्या कायद्याने गहाण घरांवर कारवाई करतात तो २००२ सालचा, बोलीभाषेत 'सरफेसी' म्हणून ओळखला जाणारा. त्याचे वैशिष्ट्य असे, की घराचा ताबा घेण्यासाठी आणि ते विकण्यासाठी बँकेला आधी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. मग कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस निघते. कर्जदाराने हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांत तिला कारणांसह उत्तर द्यावे लागते. हे कारणे देण्याचे बंधन मुळात कायद्यात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात कायदा वैध ठरवला, पण हरकतींचा विचार करून कारणे कळवलीच पाहिजेत असे बजावले आणि त्यानंतर तशी दुरुस्ती झाली. साठ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी ताबा घेतो. ताब्याची नोटीस कर्जदाराला द्यायची, घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी लावायची आणि सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापायची. त्यांतले एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतले हवे. विक्रीपूर्वी कर्जदाराला पुन्हा तीस दिवसांची नोटीस. बँकेच्या कारवाईविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस.

साठ, पंधरा, सात, तीस, पंचेचाळीस. आकड्यांची कमतरता नाही. पण हे सारे आकडे ज्याच्यासाठी आहेत त्याचे नाव 'कर्जदार'. जामीनदार आणि गहाण ठेवणारा यांनाही कायदा कर्जदारातच धरतो. या व्याख्येत न बसणारी माणसे मात्र त्याच घरात राहत असतात. भाडेकरू असतो, म्हातारी आई असते. नवऱ्याने सह्या कुठे केल्या हे ठाऊक नसलेली बायको असते, परगावी कामाला गेलेल्या भावाचे कुटुंब असते. ताब्याच्या नोटिशीचा ठरलेला नमुना नियमांना जोडलेला आहे. तो दोघांना उद्देशून बोलतो, 'विशेषतः कर्जदार' आणि 'सर्वसामान्य जनता'. तिसरा कोणी नाही. म्हणजे ज्याच्या दारावर कागद लागला तो दाराआडचा माणूस आणि रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस हे कायद्याच्या व्याकरणात एकाच वचनात येतात. दोघेही 'सर्वसामान्य जनता'. दोघांनाही एकच सूचना, की या मालमत्तेचा व्यवहार करू नये. पण राहणाऱ्याला घर विकायचे नसते. किती दिवस राहता येईल, एवढेच त्याला विचारायचे असते.

भाडेकरूंचा प्रश्न न्यायालयांनी हाताळला नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हर्षद सोंडागर खटल्यात आणि २०१६ मध्ये विशाल कलसारिया खटल्यात, गहाणखतापूर्वीचा किंवा भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला खरा भाडेकरू बँकेला सहजी बाहेर काढता येणार नाही, अशी भूमिका घेतली. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १७(४अ) आले आणि भाडेकरूला न्यायाधिकरणाची दारे उघडली. २०१९ मध्ये बजरंग अगरवाल प्रकरणात त्याच न्यायालयाने या संरक्षणाच्या मर्यादाही दाखवल्या. नोंदणीकृत करार नसलेल्या भाडेकरूचे पारडे हलके झाले. हे सगळे महत्त्वाचे आहे. पण आपल्याकडे सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा येथे नोकरदार मंडळी राहतात ती बहुधा अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर. कायद्याच्या काटेकोर भाषेत तो भाडेकरूही नाही, केवळ परवानगीने राहणारा. आणि हक्क कितीही असोत, ते आहेत हे कळण्यासाठी आधी कोणीतरी कळवावे लागते. न्यायाधिकरण आपल्यापुरते पुण्यात. तिथले कामकाज नियमाने इंग्रजीत किंवा हिंदीत चालायचे. ज्या राज्यात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, त्या राज्यातल्या माणसाचे घर ज्या दालनात ठरते तिथे मराठीला जागा नाही.

प्रत्यक्ष ताब्याच्या वेळी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. आदेश निघाला की महसूल खात्याची माणसे पोलिसांसह दारात उभी राहतात. येण्यापूर्वी घरात राहणाऱ्यांना किती दिवस आधी कळवावे, याचा आकडा त्या कलमात नाही. कर्जदाराला साठ दिवस मोजून देणारा कायदा राहणाऱ्यासमोर आला की आकडे विसरतो.

आता जरा मागे जाऊ. १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेलेल्या शेतकऱ्यांनी प्रामुख्याने कागद जाळले. खते, रोखे, हुकूमनामे जाळले. कागदावरचा हा राग आंधळा नव्हता. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आले त्यात एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे एकतर्फी निकाल. समन्स निघाले, बजावल्याची नोंद झाली, कुळ न्यायालयात आले नाही, हुकूमनामा झाला. कुळाला पहिली खबर लागायची ती जप्तीच्या दिवशी. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी चार जिल्ह्यांना लागू होता, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग तेव्हा साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा हा कायदा आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगणातला.

त्या कायद्याने न्यायालयाला सांगितले, की प्रतिवादी आला नाही म्हणून सुटका मानू नका, त्याला बोलवा आणि त्याची साक्ष घ्या. रोख्यावरचा आकडा प्रमाण मानू नका, व्यवहाराचा मागचा इतिहास तपासा. खते ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिली जावीत, असेही त्यात होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, मूळचे कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. निरक्षर शेतकरी कचेरीच्या कागदांपुढे कसा नागवला जातो, हे त्यांनी तिथे मांडले. रानडे आणि फुले यांचे मार्ग वेगळे आणि मतभेदही खोल, पण एका बाबतीत दोघांची नजर एकाच जागी खिळलेली दिसते. न्याय कागदावर होतो आणि माणूस कागदाबाहेर राहतो.

त्याहून बोलका पुरावा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. ती आजही अमलात आहे. तिच्या एकविसाव्या आदेशातला छत्तिसावा नियम वाचण्यासारखा आहे. हुकूमनाम्यातली मालमत्ता जर भाडेकरूच्या किंवा तिथे राहण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या वहिवाटीत असेल, तर ताबा द्यायचा कसा? अधिपत्राची प्रत ठळक जागी लावायची आणि दवंडी पिटून किंवा रूढ पद्धतीने, हुकूमनाम्याचा सारांश राहणाऱ्याला जाहीर करून सांगायचा. इथे तीन गोष्टी आहेत. पहिली, हा नियम राहणाऱ्याला ओळखतो, त्याला गर्दीत ढकलत नाही. दुसरी, तो कागदावर थांबत नाही, तोंडाने सांगा म्हणतो. आणि तिसरी, तो सारांश सांगा म्हणतो. अख्खा हुकूमनामा नव्हे, त्याचा अर्थ. परक्या राज्यकर्त्यांनी, परक्या भाषेत लिहिलेल्या संहितेला हे कळले होते, की कागद लावणे आणि कळवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

दवंडीचे उदात्तीकरण मला करायचे नाही. ती अब्रूही घेत असे. घरापुढे हलगी वाजली की गल्लीभर बोभाटा होई आणि तोच पुष्कळदा हेतू असे. पण दवंडीची भाषा कोणालाही कळणारी होती. ती देणाऱ्याला 'अधोस्वाक्षरीकार' म्हणून चालले नसते, कारण ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे विचारले असते, "म्हणजे काय रं?" छापील नोटिशीला असा प्रश्न विचारता येत नाही. वृत्तपत्रातल्या कोपऱ्यात बारीक टायपात ती जी बोलते ते एकतर्फीच असते. २००२ च्या नियमांनी दवंडी वगळली याचे दुःख नाही. तिच्यातला सारांशही वगळला, याचे आहे.

यावर बँकेत काम करणारे माझे एक स्नेही म्हणतात ते ऐकण्यासारखे आहे. "तुम्हांला राहणारे दिसतात, आम्हांला ठेवीदार दिसतात." खरे आहे. सांगली-साताऱ्यात सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे जाळे दाट आहे आणि बुडालेल्या कर्जाची झळ शेवटी निवृत्त शिक्षकाच्या, हळद विकून चार पैसे ठेवलेल्या शेतकऱ्याच्या ठेवीला लागते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा वापरता येतो, असा निर्णय दिला, तेव्हा अनेक ठेवीदारांना दिलासा वाटला असेल. स्नेह्यांचे दुसरे म्हणणेही खोटे नाही. कारवाईची चाहूल लागताच मागील तारखेचा भाडेकरार करून मेव्हण्याला भाडेकरू म्हणून उभे करणारे महाभाग असतात. राहणाऱ्यांना नोटीस द्यायची ठरली, तर अशा बनावट भाडेकरूंचे पीक येईल, ही त्यांची भीती.

पण नोटीस म्हणजे स्थगिती नव्हे. राहणाऱ्याला कळवल्याने त्याला नवा हक्क मिळत नाही. असलेला हक्क वापरण्याची किंवा नसल्यास सामान बांधण्याची संधी तेवढी मिळते. बनावट भाडेकरूला नोटिशीची गरजच नसते, त्याला सगळे आधीच ठाऊक असते. अंधारात राहतो तो खरा भाडेकरू. अमेरिकेत २००८ च्या आसपास घरकर्जांचा डोलारा कोसळला, तेव्हा वेळेवर भाडे देणारी कुटुंबे मालकाच्या थकबाकीपायी रस्त्यावर आली. त्यावर २००९ मध्ये तिथे कायदा झाला, की लिलावात घर घेणाऱ्याने खऱ्या भाडेकरूला किमान नव्वद दिवसांची नोटीस द्यावी. तो कायदा २०१४ च्या अखेरीस संपला आणि २०१८ मध्ये कायमचा झाला. न्यूयॉर्क राज्याने तर कागदाचाही विचार केला. घरमालकाला आणि भाडेकरूला द्यायची सूचना ठळक, मोठ्या टायपात आणि बाकीच्या कागदांहून वेगळ्या रंगावर छापायची. अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय असते असे नाही. पण तिथल्या बँका या नोटिशींनी बुडाल्या नाहीत, एवढे आपल्या शंकेखोरांना सांगता येईल.

मग आपल्याकडे काय व्हावे? माझ्या मते फार काही नको. ताब्याच्या कागदासोबत दारावर दुसरा एक कागद लावावा. त्याचा मथळा 'या घरात राहणाऱ्यांसाठी'. त्यात पाच-सात छोटी मराठी वाक्ये. या घरावर कर्ज आहे आणि ते थकले आहे. आज तुम्हांला घराबाहेर काढलेले नाही. अमुक तारखेपूर्वी प्रत्यक्ष ताबा घेतला जाणार नाही. तुम्ही भाडेकरू असाल, तर करार घेऊन अमुक ठिकाणी अमुक अधिकाऱ्याला भेटा. तुम्हांला पुण्याच्या न्यायाधिकरणात दाद मागता येईल. आणि एक वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत, की वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता मोफत साहाय्याचा अधिकार दिलेला आहे. दारात कागद चिकटवताना घरात बहुधा स्त्रीच असते आणि तिला हे कोणीच सांगत नाही. कागद लावणाऱ्याने तो घरात असलेल्या माणसाला एकदा वाचून दाखवावा. पाच मिनिटे लागतील. छायाचित्र काढायला वेळ असतोच.

या मागणीचा एक भाग सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे जातो. पण एक भाग आपल्याकडे, म्हणजे मराठीच्या अध्यापकांकडे येतो आणि तो टाळता येणार नाही. 'व्यावहारिक मराठी'ची अभ्यासपत्रिका मी वर्षानुवर्षे शिकवली. जाहीर नोटीस कशी लिहावी, हा त्यातला एक घटक. मुलांना मी 'ज्याअर्थी'चे वाक्य 'त्याअर्थी'वर कसे आणून टेकवावे ते शिकवले, त्याला गुण दिले. 'सारांश लिहा' हाही प्रश्न त्याच पत्रिकेत असे. पण तो उताऱ्याचा सारांश. नोटिशीचा सारांश लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कळेल असा, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे काम करते आहे. परिभाषा हवीच. कायद्यात एका शब्दाचा एकच अर्थ असावा लागतो. मात्र परिभाषा वकिलाने वकिलाशी बोलण्यासाठी असते. ती दारावर लावायची असेल, तर शेजारी साधी मराठी उभी करावी लागेल आणि ती लिहिण्याचे काम वकिलांपेक्षा आपले अधिक आहे. अभिजात दर्जाच्या आनंदात आपण हे विसरू नये, की ज्या भाषेत घर जाताना कळत नाही ती भाषा त्या घरापुरती तरी परकीच असते.

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या वर्गात वर्तमानपत्रातली एक ताबा नोटीस नावे झाकून दिली आणि म्हटले, ही तुमच्या आजीला समजेल अशी लिहा. वर्ग बराच वेळ शांत होता. मग वाळवा तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने पहिले वाक्य वाचून दाखवले, "आजी, घाबरू नकोस, पण नीट ऐक." नियमांना जोडलेल्या नमुन्यात हे वाक्य बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.